सोयीचं लगन



मागच्या पौर्णिमेला आम्ही मालेगाव तालुक्यातील किन्हीराजाला गेलो होतो. वंदना झाली, खीर वाटली आणि बायामाणसे विहारात बसली असता एका लग्नाचा विषय निघाला. गावातले एक विधुर, वय पन्नाशीच्या पुढचे, शुगरचे पेशंट. मुले पुण्याला कंपनीत. शेजारच्या गावची एक बाई, तीही विधवा, एकटी. दोघांनी लग्नाचे ठरवले तर मुलांनी बोलणे टाकले. एक आजी म्हणाल्या, "हे काय लगन हाये भाऊ? त्याले भाकर टाकून द्याले बाई पायजे, तिले डोक्यावर छप्पर पायजे. सोयीचं लगन हाये हे."

आम्ही म्हटले, "आजी, मग बाबासाहेबांचं दुसरं लग्न कशाचं होतं?"

कोणी काही बोलेना. या गोष्टीवर आपल्या विहारात सहसा कोणी बोलतच नाही.

माता रमाई १९३५ साली गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही असा बाबासाहेबांचा निश्चय होता. पुढे महायुद्धाच्या काळात १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि युद्ध संपते न संपते तोच घटनेचे काम अंगावर आले. मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी रात्रीची झोप नव्हती. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार चालत. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करीत. सारस्वत ब्राह्मण घरातल्या, एम.बी.बी.एस. झालेल्या. लग्नाचा विचार प्रकृतीमुळे करावा लागतो आहे, हे बाबासाहेबांनी मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्राने मोकळेपणी कळवले. म्हणजे सोय होतीच. त्यांनी ती लपवली नाही.

१५ एप्रिल १९४८ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, दिल्लीच्या राहत्या घरी नोंदणी पद्धतीने लग्न झाले. शारदाबाई सविता झाल्या, आपल्या माईसाहेब.

पण नुसती सोयच होती काय? माईसाहेबांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे पुस्तक १९९० साली आले. लग्नाआधी दिल्ली-मुंबई अशी जी पत्रे गेली-आली, त्यांची हकिगत त्यात आहे. बाबासाहेब त्यांना 'शारू' म्हणत. एवढा मोठा माणूस मागणी घालतो आणि निर्णय त्या बाईवर सोडतो, हे आमच्या तरुण मुलांनी जरूर वाचावे. हुंडा, नोकरी, शेत पाहून आपण सोयरीक जुळवतो, तिला मात्र कोणी सोयीची म्हणत नाही!

लग्नानंतर साडेआठ वर्षे मिळाली. त्यात घटना पुरी झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला माईसाहेबांनीही सोबतच दीक्षा घेतली. या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते. १९५७ साली ग्रंथ छापून आला, तेव्हा ते प्रास्ताविक त्यात नव्हते.

महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर नाही नाही ते आरोप झाले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिकच ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. आम्हीही लहानपणी ती ऐकली, आणि खरी मानली, हे कबूल केले पाहिजे. भारतरत्न स्वीकारायला १९९० साली त्याच पुढे गेल्या. २००३ च्या मे महिन्यात त्या गेल्या.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "रमाईचा फोटू हाये. हिचा काहून नाही?"

उत्तर कोणाकडेच नव्हते.

त्या दोघांचा मंगल परिणय पुढच्या महिन्यात त्याच विहारात आहे. खिरीचे दूध आजींनी आपल्याकडे घेतले आहे. धाकटा मुलगा येतो म्हणाला. थोरला अजून फोन उचलत नाही.