हत्यार कुणाच्या मालकीचे?

लग्नसराई तोंडावर आली की तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओवाल्यासमोर एक प्रश्न हटकून उभा राहतो. छायाचित्रे सुधारण्याचे, अल्बम जुळवण्याचे सॉफ्टवेअर परवडेल अशा रीतीने घ्यायचे कसे? प्रश्न वरकरणी दुकानाच्या जमाखर्चाचा वाटतो. वस्तुतः कारागिराचे हत्यार कारागिराच्या ताब्यात असावे की नसावे, हा त्याचा गाभा आहे.

अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीने १९९० साली फोटोशॉप बाजारात आणले. त्याची किंमत कधीच माफक नव्हती. २०१२ च्या ‘सीएस ६’ आवृत्तीला अमेरिकेत ६९९ डॉलर पडत. परंतु एकदा रक्कम मोजली की ती प्रत वर्षानुवर्षे वापरता येई. नवी आवृत्ती घ्यायची की जुन्यावर भागवायचे, हे घेणारा ठरवी. २०१३ च्या मे महिन्यात कंपनीने हा व्यवहारच मोडीत काढला. यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, वर्गणी भरा आणि वापरा, असा हुकूम निघाला. वर्गणी थांबली की हत्यार निकामी!

महिना दहा डॉलर म्हणजे काय मोठेसे, असे कंपनीचे कैवारी सांगत आले. हिशेब मांडून पाहावा. त्या दराने सहा वर्षांच्या आत ६९९ डॉलर भरून होतात, आणि तरीही हाती काही उरत नाही. शिवाय तो दर टिकला कुठे? २०२५ च्या जानेवारीत कंपनीने दहा डॉलरची योजना नव्या ग्राहकांना बंद केली. नव्यांसाठी वीस डॉलरची योजना उरली, म्हणजे तीन वर्षे पुरी होण्याआधीच जुनी किंमत वसूल. (दहा डॉलरच्या योजनेतले जुने ग्राहक दरमहा पैसे भरत असतील, तर त्यांनाही पंधरा डॉलर झाले.) गिऱ्हाईक पुरते गुंतले की भाव वाढवायचा, ही सावकारी रीत जुनीच आहे.

याला महाराष्ट्रातील शेतकरी खंड म्हणतो. पण १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला निदान संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. संगणकावरील या नव्या कुळाला कसलेच संरक्षण नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सरकारच्या निर्बंधांचा हवाला देऊन अ‍ॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. भरलेले पैसेही परत मिळणार नाहीत, असे आधी सांगण्यात आले. पुढे अमेरिकन सरकारने परवानगी दिली म्हणून ते संकट टळले. वॉशिंग्टनच्या एका कागदावर कराकसमधील छायाचित्रकाराची चूल अवलंबून राहते, हे साम्राज्यवादाचे व्याख्यान देणाऱ्यांनी तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

यावर आपल्याकडील सर्वमान्य तोड म्हणजे चोरीची प्रत. पक्षाच्या कचेऱ्यांतही मोर्च्याचे फलक याच प्रतींवर तयार होतात आणि ते भांडवलशाहीविरुद्धचे बंड समजले जाते. ही शुद्ध आत्मवंचना आहे. चोरीच्या प्रतीवर शिकलेला मुलगा दुसऱ्या हत्याराला हात लावत नाही. उद्या नोकरीत किंवा स्वतःच्या स्टुडिओत तो त्याच मक्तेदाराचा पगारी वा वर्गणीदार होतो. मक्तेदाराला याहून स्वस्त प्रचारक कोण मिळणार?

मार्ग नाहीत असे नाही. बर्कलेच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपची सुरुवात केली. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे: फुकट तर आहेच, पण त्याची घडणही खुली आहे, त्यामुळे कुणी मालक ते उद्या काढून घेऊ शकत नाही. कॅमेऱ्यातील कच्च्या प्रतिमांसाठी डार्कटेबल आहे. जुन्या फोटोशॉपात युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे मोडत. गिंपमध्ये ती नीट उमटतात, ही फलक करणाऱ्यांच्या उपयोगाची गोष्ट. केरळ सरकारने शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. तेथे मुले चित्रकामासाठी गिंप वापरतात. महाराष्ट्रात असा आग्रह कुणी धरला?

उणिवा झाकण्यात अर्थ नाही. छापखान्याच्या चार रंगांच्या कामात गिंप अद्याप तोकडे पडते. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीनेही ती उणीव पुरती भरून निघालेली नाही. एकरकमी विकले जाणारे अ‍ॅफिनिटी हा काही काळ चांगला मधला मार्ग होता. पण २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये खाते उघडण्याच्या अटीवर ते फुकट केले. मालकाचे दान मालकाच्या मर्जीपुरते असते, एवढे ओळखून ते वापरण्यास हरकत नाही.

ज्याला फोटोशॉपवाचून गत्यंतरच नाही, त्याने करार वाचावा. ‘वर्षाचा करार, महिन्याचा हप्ता’ असे असेल तर मध्येच सोडताना उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम दंड म्हणून द्यावी लागण्याचा धोका असतो. हा दंड ग्राहकांपासून दडवला, असा आरोप करून अमेरिकन सरकारने २०२४ च्या जूनमध्ये कंपनीवर दावा लावला होता.

छायाचित्रकारांच्या संघटनांनी गिंपची शिकवणी सुरू करावी, राज्य सरकारने तंत्रशिक्षणात त्याला जागा द्यावी, या मागण्या पक्षाने लावून धरल्या पाहिजेत. त्यांना वेळ लागेल. जिल्हा कचेरीच्या संगणकावरील चोरीची प्रत काढून टाकण्यास मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.