शस्त्रक्रियेनंतरचे ताट कोण वाढणार?

धरण बांधायचे आणि कालव्यांच्या देखभालीची तरतूद करायची नाही, ही आपल्या नियोजनातील जुनी खोड. स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेच्या बाबतीत तिचीच पुनरावृत्ती होत आहे. एकरकमी खर्च वसूल करण्यास बाजार सिद्ध आहे. त्यानंतरच्या जन्मभराच्या आवर्ती खर्चाचे उत्तरदायित्व मात्र कुणीच पत्करत नाही.

स्थूलत्व ही श्रीमंतांची व्याधी, असे आपल्यातीलही अनेक कार्यकर्ते मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. वजन वाढले म्हणजे पोषण झाले असे नव्हे, हाच या दोन आकड्यांचा अर्थ.

शस्त्रक्रियेने हे कुपोषण दूर होत नाही. उलट दुर्लक्ष झाल्यास ते वाढते. एका पद्धतीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. दुसरीत अन्नाला लहान आतड्याच्या आरंभीच्या भागावरून वळसा देतात, आणि लोह व कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने तेथेच होत असते. म्हणून लोह, कॅल्शियम, ड व ब-१२ जीवनसत्त्वे आजन्म घ्यावी लागतात. दरवर्षी रक्त तपासावे लागते. उलट्या थांबल्या नाहीत तर ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्रथिने रोज किमान ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम असतात आणि सुरुवातीला तर एका वेळी चार घासही जेमतेम मावतात. आधी काय खावे, पाणी केव्हा प्यावे, भाकरी केव्हा सुरू करावी, हे सांगणारा आहारतज्ज्ञ शल्यविशारदाइतकाच आवश्यक आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या कलमामुळे, विहित अटी पूर्ण होत असल्यास ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जात नाही. हे योग्यच झाले. परंतु रुग्ण घरी परतल्यानंतर ते छत्र सामान्यतः काही दिवसांपुरतेच उरते. पुढच्या गोळ्या, तपासण्या आणि सल्ला ज्याचा त्याने विकत घ्यायचा. ज्या घरात महिनाअखेरीस डाळ पातळ होते आणि गृहिणी सर्वांच्या मागून जेवते, तेथे महागड्या प्रथिनचूर्णाची यादी काय कामाची?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जेथे ही शस्त्रक्रिया होते त्या प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात आहारतज्ज्ञाचे कायम पद असावे. पुढील तपासण्या व पूरक औषधे तेथे विनामूल्य मिळावीत. खाजगी रुग्णालयांनी आजन्म खर्चाचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी द्यावा. आपल्या वस्तीत अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती असेल, तर कार्यकर्त्यांनी तिच्याकडे जावे, शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली हे विचारावे. या मागणीचा आरंभ तेथूनच होईल.