नीरक्षीरविवेकाची नळी

हंस पाणी मिसळलेल्या दुधातून दूध तेवढे वेचून घेतो, हा कविसंकेत आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला आहे. प्रत्यक्षातील हंस असे काही करीत नाही. परंतु हंसास जे साधत नाही ते वीतभर लांबीच्या एका पोलादी नळीस साधते, आणि अशा नळ्या आमच्या मुंबईच्या उपनगरांतील औषधांच्या कारखान्यांतून रोज काम करीत असतात, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. आम्हांसही नव्हते. ते कळण्यास एक लहानसा गृहकलह निमित्त झाला.

आमची सूनबाई रसायनशास्त्राची पदवीधर असून अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात गुणपरीक्षक आहे. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने अंधेरी, असा तिचा नित्याचा प्रवास. एरवी साडेसातास घरी येणारी ती गेल्या महिन्यात एके दिवशी साडेदहास आली. वाढून ठेवलेले पान निवून गेले होते आणि आमच्या सौभाग्यवतींचा राग मात्र निवला नव्हता. “मामंजी, आज आलेखात एक शिखर जास्त आले,” एवढेच सांगून सूनबाई जेवावयास बसली.

हे शिखर म्हणजे काय, हे समजण्यास घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. खालच्या टोकापासून इंचभर अंतरावर मुलांच्या काळ्या स्केचपेनाने ठिपका द्या आणि ठिपका बुडणार नाही अशा बेताने पट्टीचे टोक पाण्यात सोडा. पाणी वर चढू लागताच काळ्या ठिपक्यातून निळा, तांबडा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर सुटे होतात. काळा रंग मुळात एक नव्हताच, तो मिश्रणाचा होता.

असे का होते? मुलुंड स्थानकावर एकाच गाडीतून शंभर माणसे उतरतात. बाहेर भाजीबाजार आहे. ज्यास बाजाराची ओढ तो प्रत्येक गाड्यापाशी थांबतो, ज्यास घराची ओढ तो तडक चालू लागतो. पाव तासाने तीच मंडळी रस्त्यावर दूरवर विखुरलेली दिसतात. पदार्थांचेही तसेच. स्थिर द्रव्याचे आकर्षण ज्यास अधिक तो मागे राहतो, वाहत्या द्रवाचे ज्यास अधिक तो पुढे जातो.

ही युक्ती शास्त्रात आणली ती मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. 1903 साली वॉर्सा येथे त्याने ती मांडली. खडूची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता हिरवे व पिवळे पट्टे निरनिराळे झाले. 1906 साली त्याने या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असे नाव दिले. त्याच्या हयातीत तिचे फारसे चीज झाले नाही. 1919 साली तो वारला. पुढे 1941 साली मार्टिन व सिंज या इंग्रज शास्त्रज्ञांनी तिला नवे रूप दिले आणि त्याबद्दल 1952 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या मुलुंडचाही या विद्येशी जुना संबंध आहे. येथे 1972 साली हेक्स्ट कंपनीचे संशोधनकेंद्र सुरू झाले. गुजराती घरांत ज्या गरमराच्या मुळांचे लोणचे घालतात, आणि ज्यास मराठीत माइनमूळ म्हणतात, त्या वनस्पतीच्या मुळांतून येथील शास्त्रज्ञांनी फोर्स्कोलिन हे द्रव्य सुटे केले व 1977 साली त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने वेगळ्या नावाने वर्णिलेले द्रव्यही हेच, असे पुढे ठरले. त्यापासून साधलेले एक औषध हृदयविकारावर जपानात मान्य झाले. मुळांचा अर्क म्हणजे शेकडो द्रव्यांची गर्दी. तीतून एकास हुडकून काढणे या पृथक्करणाच्या विद्येवाचून कसे घडणार?

आजच्या यंत्रात खडूच्या जागी वाळूच्याच जातीच्या सिलिकाचे कण असतात, एका मिलिमीटरात दोनशे मावतील इतके सूक्ष्म. बहुधा त्यांवर तेलकट द्रव्याचा लेप असतो, म्हणून तेलाशी सख्य असणारे पदार्थ त्यांत अधिक रेंगाळतात. नळी सुमारे 25 सेंटीमीटर लांब. एवढ्या दाट कणांतून द्रव आपोआप वाहत नाही. पंपाने हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशेपट जोर द्यावा लागतो. नमुना अर्ध्या थेंबाहूनही कमी. नळीतून पदार्थ बाहेर पडला की आलेखावर शिखर उमटते. ते किती मिनिटांनी आले यावरून पदार्थ कोणता हे, व त्याच्या क्षेत्रफळावरून तो किती हे, शुद्ध नमुन्याशी ताडून ठरवितात. शितावरून भाताची परीक्षा, तोच स्थालीपुलाकन्याय. मात्र दोन पदार्थ एकाच वेळी बाहेर पडू शकतात, आणि जे शोधले जात नाही ते दिसेलच असे नाही. 2018 साली रक्तदाबावरील व्हाल्सार्टन या औषधात कर्करोगास कारण होऊ शकणारे द्रव्य आढळून अनेक देशांत माल परत घ्यावा लागला, तो याचाच धडा.

आता त्या रात्रीचे. माल दुसऱ्या दिवशी रवाना व्हावयाचा होता. “नमुना पुन्हा घाला, शिखर गेले की सही करा,” असे वरिष्ठांनी सुचविले. सूनबाईने ते मानले नाही. पहिला आलेख नोंदवून, चौकशीचा कागद लिहूनच ती निघाली. दोन दिवसांनी उलगडा झाला. काचेचे एक भांडे नीट धुतलेले नव्हते, औषध निर्दोष होते.

हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “मग एवढा खटाटोप फुकटच!”

“आई, त्या रात्री ते कोणासच ठाऊक नव्हते,” सूनबाई म्हणाली. “गोळ्या रक्तदाबाच्या होत्या.”

सौभाग्यवती स्वतः गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत आहेत. त्या काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत बॅच नंबर असतो. तो पुसलेला असेल तर पाकीट घेऊ नये, आणि बिल घेण्यास विसरू नये. त्या आकड्यामागे कोणाच्या तरी परीक्षेची नोंद असते. ती नोंद खरी असणे हे यंत्रावर अवलंबून नाही. यंत्र निवड करून देते, पण दिसले ते लिहिण्याचे धैर्य माणसाचे असावे लागते. त्या दिवसापासून आमच्या घरी सूनबाईस उशीर झाला तर पान झाकून ठेवतात, आणि आल्यावर आमटी पुन्हा गरम होते.