मासा घरावरचे संकट घेत नाही



सातारा, कराड, सांगली, मिरज भागातल्या आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ घरी माशांची काचपेटी दिसू लागली आहे. बुद्धवंदनेची जागा एका बाजूला, पोरांची पुस्तके दुसऱ्या बाजूला आणि मध्ये काचेत फिरणारे चार रंगीत मासे. दिवसभर कारखान्यात, एस. टी.त नाहीतर बांधकामावर राबून आलेला माणूस घटकाभर त्या पेटीसमोर बसला की त्याचे डोके शांत होते. पोरे टीव्ही सोडून तिथे बसतात. आम्हाला याचा आनंदच आहे.

परंतु या पेटीबरोबर आणखी एक वस्तू घरात शिरते आहे आणि तिच्याबद्दल बोलणे आम्हाला भाग आहे. पेटी कोणत्या दिशेला ठेवली म्हणजे वास्तुदोष जातो, आठ सोनेरी मासे आणि एक काळा मासा ठेवला म्हणजे बरकत येते, मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले, असे सर्रास सांगितले जाते. सांगणारा ते विकण्यासाठी सांगतो. ऐकणारे मात्र कधीकधी आपलेच लोक असतात. ज्यांच्या आई-वडिलांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर देव्हारे रिकामे केले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या घरात हा दैववाद पाण्यातून परत येतो.

यात नुकसान दुहेरी आहे. संकट टळले असे मानणारा माणूस मासा का मेला हे विचारत नाही. तो दुसरा मासा आणतो, तोही मरतो, मग तिसरा आणतो. पैसा जातो, मुके जीव जातात आणि पोरांच्या मनात ठसते की मरणाला कारण लागत नाही. भगवान बुद्धांनी तर कारणाशिवाय कार्य घडत नाही हेच शिकवले. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लढलेले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी ज्यांची हत्या झाली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. तेव्हा मासा का मरतो याचे खरे कारण आधी पाहू.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. नदीत हे विष वाहून जाते, पेटीत ते साचते. निसर्गात याला तोड आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते आणि पाणवनस्पतींचे ते खत. हे जिवाणू वाळूत, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात. नव्या पेटीत ते नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र दुपारी पेटी आणतो, संध्याकाळी बारा मासे सोडतो आणि आठवड्याभरात निम्मे उलटे तरंगतात. हेच ते घरावरचे संकट.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे धीर. गोल वाडग्यात मासा ठेवू नका. त्यात पाणी कमी, हवेला लागणारा पृष्ठभाग कमी आणि मासा सतत गुदमरलेला. निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी घ्यावी. तिच्यात पन्नासएक लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यात काच आणि वाळू धरली तर साठ किलोच्या वर भार होतो. तकलादू टेबलावर किंवा पत्र्याच्या रॅकवर ती ठेवू नये. खाली थर्मोकोल अंथरावे, म्हणजे काचेवर एकाच जागी दाब येत नाही. पेटीवर थेट ऊन पडेल अशी खिडकीजवळची जागा टाळावी. दिशा कोणतीही चालते.

दुसरी गोष्ट पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो आपल्याला जंतूंपासून वाचवतो, पण माशांचे कल्ले जाळतो आणि ते उपयोगी जिवाणूही मारतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ फडक्याने झाकून चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की पाणीपुरवठ्यात क्लोरीन जास्त घालतात. त्या दिवसांत माशांच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे बेताने वापरावेत. बोअरचे पाणी जड असते. ते गप्पी आणि मोलीला मानवते, सगळ्यांना मानवत नाही.

पेटी भरून, वनस्पती लावून आठवडाभर तशीच चालू द्यावी. मग तीन-चार गप्पी सोडावेत. महिन्याभराने आणखी थोडे. दोन फुटी पेटीत दहा-बारा छोटे मासे पुष्कळ झाले. गोल्डफिश छोटा दिसतो म्हणून फसू नका, तो वीतभर वाढतो आणि घाणही फार करतो. दोन फुटी पेटीत त्यांची जत्रा भरवू नये. फायटर मासा एका पेटीत एकच नर ठेवावा, नाहीतर ते एकमेकांचा जीव घेतात.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावे आणि तयार ठेवलेले पाणी घालावे. सगळे पाणी एकदम बदलून, वाळू साबणाने घासून पेटी लख्ख करणे ही हौस माशांच्या जिवावर उठते. त्यात जिवाणू धुऊन जातात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. साबण तर पेटीजवळही नको. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. ते काढलेले पाणी ओतून देऊ नका. त्यात खत असते, कुंडीतल्या मिरची-टोमॅटोला ते घालावे. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या आमच्या वाचकांना पाण्याची किंमत सांगण्याची गरज नाही. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही हौस लांबणीवर टाकलेली बरी.

तिसरी गोष्ट अन्न. दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासा काचेजवळ येऊन तोंड हलवतो म्हणजे तो उपाशीच असतो असे नाही. पोरांच्या हाती डबी देऊ नका, चिमूट मोजून द्या. वर्षावासात एखाद्या दिवशी विहारात गेलात आणि मासे उपाशी राहिले तरी चिंता नको. मोठे निरोगी मासे दोन-तीन दिवस सहज काढतात. उपासापेक्षा कुजलेल्या अन्नाने मासे जास्त मरतात.

आता वनस्पतींकडे वळू. प्लॅस्टिकची झाडे शोभेपुरती असतात. जिवंत वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते आणि पाण्यातले खत शोषून शेवाळाचा घास काढून घेते. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून बुडबुडे दाखवतात, तीच हायड्रिला पेटीत उत्तम चालते. लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरियाही सोपी. तिची मुळे वाळूत खोवावीत, पानांचा बुडखा मात्र वर ठेवावा, नाहीतर ती कुजते. दिवा रोज सात-आठ तास पुरे. चोवीस तास लावला तर काचा हिरव्या होतात आणि माशांनाही विसावा मिळत नाही. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तरी कमी मासे आणि भरपूर वनस्पती असलेली पेटी दिवसा तग धरते. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात. म्हणून रात्री वीज गेली तर मगाने पाणी उचलून पुन्हा वरून ओतावे, हवा मिसळते.

विजेचे एक सांगून ठेवतो, कारण इथे पोराबाळांचा जीव आहे. दिव्याची आणि पंपाची वायर बटणाच्या पातळीपेक्षा खाली झोका देऊन मग वर न्यावी. म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी खाली गळते, सॉकेटात शिरत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावाच.

उन्हाळ्यात सांगली-मिरजेकडे पारा चाळिशीच्या आसपास जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. अशा वेळी झाकण उघडून वर जाळी टाकावी, पेटीभोवती ओले फडके लावावे, पंप चालू ठेवावा. बर्फ टाकू नये, एकदम झालेला बदल घातक असतो. साताऱ्याच्या थंडीत उलटे. तिथे एंजलसारखे नाजूक मासे ठेवायचे असतील तर हीटर लागतो.

माशांच्या निमित्ताने घरातल्या पाण्याच्या बॅरलकडेही पाहा. नळ एक दिवसाआड येतो म्हणून आपल्या वस्त्यांत पाणी साठवावेच लागते. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, बॅरल रिकामे करून आतून घासावे, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात. रिकामा करता येत नाही अशा वापराच्या पाण्याच्या हौदात आरोग्य खाते गप्पी मासे सोडते, ते याच कामासाठी. गप्पी डासांच्या अळ्या आवडीने खातो. पेटीतल्या गप्पीची मादी महिन्या-सव्वा महिन्याने पिल्ले देते. पिल्ले वाढली की शेजारच्या हौदाला द्या. मात्र गप्पी परदेशी मासा आहे. त्याला हौदातच ठेवावे, ओढ्यात आणि नदीत सोडू नये.

हीच गोष्ट आम्हाला अधिक जोर देऊन सांगायची आहे. पेटीतला मासा मोठा झाला, कंटाळा आला, की काही जण त्याला कृष्णेत, वेण्णेत किंवा तळ्यात 'मुक्त' करतात आणि पुण्य लागले असे मानतात. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच आपल्या देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, स्थानिक माशांची जागा आणि अन्न बळकावतो. त्याचा फटका जाळ्यावर पोट असलेल्या भोई-कोळी बांधवांना बसतो. एका जिवावर केलेली करुणा हजार जिवांच्या मुळावर येत असेल तर तिला प्रज्ञेची जोड नाही असेच म्हणावे लागेल. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. वनस्पतींची छाटणीही ओढ्यात न टाकता वाळवून खतात घालावी.

आपल्या भागातल्या पाण्याचे धन थोडे नाही. ई. जी. सायलस या शास्त्रज्ञांनी १९५३ साली महाबळेश्वर आणि वाई भागातल्या माशांची नोंद प्रसिद्ध केली होती. कासच्या पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात वायतुरा नावाची वनस्पती उगवते. तिचे शास्त्रीय नावच सातारा जिल्ह्यावरून पडले आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. तिच्याच कुळातल्या इतर वनस्पती जगभरच्या काचपेट्यांत लावल्या जातात. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले. सहलीला गेलात तर मुलांना वायतुरा दाखवा, पण एकही कंद उपटू नका. ती पेटीत जगायची नाही आणि पठारावरूनही जाईल.

शेवटी पेटीत जे कळते ते नदीला लावून पाहा. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. मळी असो की गावाचे सांडपाणी, नदीत शिरलेली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. पेटीत जास्त अन्न पडल्यावर घडते तेच इथे मैलभर लांबीवर घडते. तिथे कोणी संकट अंगावर घेत नाही. तिथे कोणीतरी घाण सोडलेली असते आणि त्याला जाब विचारता येतो. पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला हे वेगळे शिकवायला नको.

म्हणून पेटी आणाल तेव्हा तिच्याबरोबर एक साधी वहीही आणा. पाणी कधी बदलले, किती बदलले, कोणता मासा कधी आजारी पडला, त्या आठवड्यात काय वेगळे झाले होते, हे मुलामुलींना लिहू द्या. एखादा मासा मेलाच तर वही उघडून कारण शोधायला बसवा. कारण सापडले की पुढचा मासा वाचेल आणि पोर विचार करायला शिकेल. प्राण्याची हिंसा न करण्याचे शील आपण रोज म्हणतो. ज्या जिवाला आपण स्वतः काचेत आणून ठेवले, त्याच्याबाबत ते शील म्हणजे दर रविवारी बदललेल्या तीन-चार बादल्या... खरे तर एक-दोन बादल्याच पुरतात. एवढे आपल्याच्याने सहज होईल.

जयभीम.