आंब्याखालचा ट्रॅक्टर

आंबा, काजू, नारळ, सुपारी अशा झाडांनी भरलेल्या दोन-चार एकरांच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की कोकणात पहिला प्रश्न येतो तो ‘किती एचपीचा?’ हा, आणि विक्रेत्याच्या पत्रकातही सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच आकडा छापलेला असतो. झाडीच्या आणि चढउताराच्या जमिनीवर मात्र यंत्र कितपत उपयोगी पडेल हे ठरवताना या आकड्याची मदत फार थोडी होते, आणि केवळ त्याच्यावर विसंबून केलेली निवड बागायतदाराला आधी वायफळ खर्चात आणि पुढे कधी कधी जिवावरच्या धोक्यात टाकते. मोकळ्या शेतात ट्रॅक्टर मुख्यतः नांगरणीसाठी लागतो, म्हणून तेथे अश्वशक्तीला पहिला मान मिळणे स्वाभाविक आहे. बागेत तो जमीन फोडण्यासाठी क्वचित आणि ओझे वाहण्यासाठी, फवारणीसाठी व गवत कापण्यासाठी वारंवार लागतो, त्यामुळे तेथे वजन, रुंदी आणि उतारावरचा तोल या तीन गोष्टींचा विचार अश्वशक्तीच्या आधी व्हायला हवा.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी शेतजमीनधारणा १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहूनही कमी आहे, आणि कोकणात तर एवढी जमीनही बहुधा एका तुकड्यात नसते. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केल्यानंतर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील पुष्कळशी वरकस जमीन, म्हणजे भातशेतीला न चालणारी डोंगरउताराची हलकी जमीन, आंबा-काजूच्या लागवडीखाली आली. जांभ्यात खड्डे खोदून, त्यांत बाहेरची माती भरून आणि भोवती दगडी गडगे रचून उभ्या राहिलेल्या या बागांची आखणी माणसाच्या पायांसाठी आणि डोक्यावरच्या ओझ्यासाठी झाली, चाकांसाठी झालीच नाही. म्हणून येथे जमिनीला यंत्राजोगे करण्यापेक्षा यंत्र जमिनीच्या मापाचे निवडणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अश्वशक्ती हे काम करण्याच्या वेगाचे माप आहे, ताकदीचे नव्हे, हा भेद प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतका कामाचा वेग म्हणजे मेट्रिक पद्धतीतील एक अश्वशक्ती होय. आता हापूसचे प्रत्येकी वीस किलोचे पन्नास क्रेट भरलेली ट्रॉली विचारात घेतली, तर माल एक टन आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन पाचशे किलो धरून एकूण दीड टन भार होतो, आणि तो ओढणारा छोटा ट्रॅक्टर सातशे किलोचा मानला तर चढावर न्यायचे एकंदर वजन २,२०० किलो भरते. आठ मीटर अंतराला एक मीटर चढ असलेल्या वाटेवर केवळ चढासाठी सुमारे २७५ किलो आणि कच्च्या वाटेच्या अडथळ्यासाठी वजनाच्या आठ टक्के, म्हणजे सुमारे १७५ किलो, असा मिळून ४५० किलोंचा जोर लागतो. सेकंदाला एक मीटर या माणसाच्या चालण्याच्या वेगाने तो लावायचा तर त्यासाठी चाकांपाशी अवघी सहा अश्वशक्ती पुरते. बाजारात लहान गणल्या जाणाऱ्या पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडेही, गिअरमधील घट वजा केली तरी, याच्या दुपटीच्या आसपास शक्ती असते.

तरीही तो ट्रॅक्टर हा चढ चढू शकत नाही, आणि याचे कारण इंजिनात नसून चाकांखाली असते. चाक जमिनीला किती घट्ट धरेल हे त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते, आणि सुट्या खडीच्या तांबड्या वाटेवर ही पकड साधारणपणे त्या वजनाच्या निम्मी धरता येते. सातशे किलोच्या ट्रॅक्टरची चारही चाके फिरत असली तर त्याला ३५० किलोंचा जोर मिळेल; फक्त मागची दोन चाके फिरत असली आणि त्यांच्यावर वजनाचा साठ टक्के भाग असला तर जेमतेम २१० किलोंचा. ट्रॉलीचे थोडे वजन जोडणीतून मागच्या चाकांवर येते आणि चढावर ट्रॅक्टरचा भारही मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात स्थिती याहून किंचित बरी असते, पण पहिला पाऊस पडून गेल्यावर तीच वाट याहून पुष्कळ वाईट असते. गरज मात्र ४५० किलोंची आहे. अशा वेळी चोवीस अश्वशक्तीचे इंजिन बसवले तरी चाके अधिक वेगाने जागच्या जागी फिरतील, याखेरीज काही घडत नाही. ट्रॅक्टरचे वजन आणि चारही चाकांना मिळणारी गती, जिला बागायतदार ‘फोर बाय फोर’ म्हणतात, ही दोन कलमे अश्वशक्तीच्या ओळीपूर्वी वाचली पाहिजेत असा आग्रह धरायचा तो यामुळेच.

मग सरळ मोठा आणि जड ट्रॅक्टर का घेऊ नये, ही शंका येथे रास्त आहे. तिचे उत्तर हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या आणि १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर सर्वदूर पोहोचलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीत बऱ्याच अंशी सापडते. या रचनेत अवजार साखळीने मागून ओढले न जाता ट्रॅक्टरच्या पाठीशी तीन ठिकाणी जखडले जाते, हायड्रॉलिक दाबाने उचलले जाते, आणि काम करताना त्याच्यावर येणारा ताण मागच्या चाकांवरील वजनात भर घालतो, ज्यामुळे हलका ट्रॅक्टरही आपल्या वजनाच्या मानाने अधिक काम करू शकतो. शिवाय हलक्या ट्रॅक्टरला गरजेपुरते वजन वाढवता येते, चाकांवर लोखंडी चकत्या चढवून किंवा टायरमध्ये पाणी भरून. जड ट्रॅक्टरचे वजन मात्र कमी करता येत नाही. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात असतात आणि कोकणात हा थर मुळातच पातळ असतो. त्याच्यावरून ओल्या दिवसांत जड चाके वारंवार फिरली की माती दबते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरण्याऐवजी उतारावरून वाहून जाते. गडग्यांच्या आधाराने उभ्या केलेल्या मजग्यांच्या, म्हणजे उतारावरील पायऱ्यांसारख्या सपाट पट्ट्यांच्या, कडाही अशा वजनाखाली खचतात.

रुंदीचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जुन्या पद्धतीने १० × १० मीटरवर लावलेल्या आंब्यात कोणताही ट्रॅक्टर सहज फिरेल असे वाटते, परंतु पसरलेल्या फांद्या जमिनीपासून चार-पाच फुटांवर आलेल्या असतात, आणि घन पद्धतीच्या ५ × ५ मीटरच्या लागवडीत छाटणी एक-दोन हंगाम राहिली तर दोन ओळींमधली मोकळी जागा निम्म्याहूनही कमी उरते. काजू स्वभावतःच खालून फुटणारा, सुपारी २.७ × २.७ मीटरवर, आणि तिच्यामधून पाण्याचे पाट किंवा ठिबकच्या नळ्या गेलेल्या. म्हणून मोजायची ती झाडांच्या बुंध्यांमधली जागा नव्हे, तर फांद्यांखालची उंची, गडग्यातल्या बेड्याची, म्हणजे फाटकाची रुंदी, आणि ट्रॅक्टर मागे अवजार घेऊन जेथे वळणार आहे तो कोपरा. वळणाची त्रिज्या पत्रकात अनेकदा एका बाजूचा ब्रेक दाबून मोजलेली असते, आणि मऊ मातीत असा ब्रेक दाबून वळणे म्हणजे तेथील गवताचा थर उखडणे होय. सुमारे एक मीटर रुंदीचे, बसकी बांधणी असलेले यंत्र अशा बहुतेक बागांत फिरते. शुद्ध सुपारीच्या बागेत मात्र तेही अडते आणि तेथे चालत चालवायचा पॉवर टिलरच योग्य ठरतो.

परंतु अरुंद यंत्राची किंमत उतारावर मोजावी लागते, आणि निवडीच्या साऱ्या विचारात हा भाग सर्वांत गंभीर आहे. ट्रॅक्टर आडव्या उतारावर किती कलल्यावर उलटेल हे दोन चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची, म्हणजे ज्या बिंदूत सारे वजन एकवटले आहे असे मानता येते त्याची, उंची यांवरून काढता येते. चाकांमधील अंतर ९० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हा कोन सुमारे ३७ अंश येतो. अंतर ७० सेंटिमीटर केले की तो ३० अंशांवर उतरतो. आणि मागे औषधाची भरलेली टाकी उचलून धरल्यामुळे गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर गेला तर तो २७ अंशांच्याही आत येतो. त्यात वरच्या बाजूचे चाक पंधरा सेंटिमीटरच्या दगडावर चढले तर ट्रॅक्टर एकदम बारा अंशांनी कलतो, म्हणजे मूळ उतार केवळ पंधरा अंशांचा असला तरी यंत्र उलटण्याच्या सीमेवर येऊन ठेपते. अर्धवट भरलेल्या टाकीतील हिंदकळणारे पाणी, गवतात दडलेला खड्डा किंवा वेगात घेतलेले वळण या हिशेबात धरलेलेच नाही. जांभ्याचे दगड ज्या बागेत पावलोपावली आहेत, तेथे ही आकडेमोड कागदापुरती राहत नाही.

मागच्या बाजूला उलटण्याचा धोका याहून फसवा असतो. वठलेल्या झाडाचा ओंडका ओढताना साखळी ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली असलेल्या ओढपट्टीला, न बांधता आसाच्या वर कोठेतरी बांधली आणि ओंडका अडकला, तर फिरू न शकणाऱ्या चाकांभोवती ट्रॅक्टरच वर उठतो आणि चालकाला उडी मारण्याइतकाही अवधी मिळत नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चालकरक्षक चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तेथील ट्रॅक्टर उलटून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. आपल्याकडे ही चौकट, जिला रोल बार किंवा सुरक्षा कमान म्हणतात, फांद्यांना अडते म्हणून घेतली जात नाही किंवा काढून ठेवली जाते. वस्तुतः दुमडता येणारी कमान मिळते, ती फक्त फांद्यांखाली वाकवून एरवी उभी ठेवता येते, आणि ती उभी असताना आसनपट्टा बांधणे अनिवार्य मानले पाहिजे. कमान नाकारून वाचवलेल्या पैशांचे समर्थन कोणत्याही हिशेबात करता येत नाही.

पी.टी.ओ., म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे या प्रमाणित वेगाने चालतो, आणि त्याच्याकडे पोहोचणारी शक्ती इंजिनावर छापलेल्या शक्तीहून काहीशी कमी असते. उंच झाडांसाठी नळी ओढून वापरायच्या एचटीपी फवारणी पंपाला त्यातील थोडीच लागते, गवत कापणाऱ्या यंत्राला मध्यम, रोटाव्हेटरला सर्वाधिक. छोट्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती बहुधा या रोटाव्हेटरच्या हिशेबानेच ठरवली जाते, आणि उताराच्या आंबा-काजूच्या बागेत तर त्याचा वापर जवळजवळ वर्ज्य मानायला हवा: तो वरची मुळे तोडतो आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात सुटी केलेली माती थेट ओढ्यात पाठवतो. बेणणी करून, म्हणजे गवत कापून, ते जागीच आच्छादन म्हणून पसरणे हे येथील जुने शहाणपण आहे, आणि त्या कामाला रोटाव्हेटरच्या निम्मीही शक्ती पुरेशी असते.

या सगळ्याचा मेळ घातला तर दोन ते पाच एकरांच्या, मध्यम उताराच्या मिश्र बागेसाठी वीस ते पंचवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती असलेला, आठशे ते हजार किलोंच्या आसपास वजनाचा आणि कमान असलेला ट्रॅक्टर योग्य ठरतो. पंधरा अश्वशक्तीचा दोन चाकांच्या गतीचा ट्रॅक्टर सपाट नारळबागेत उत्तम काम देईल, डोंगरउतारावर नव्हे. शासकीय साहाय्य मात्र पुष्कळदा अश्वशक्तीच्या मर्यादेत बांधलेले असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी असलेल्या मिनी ट्रॅक्टर योजनेत ९ ते १८ अश्वशक्ती अशी मर्यादा घातली गेली. घाटावरच्या सपाट रानाला ती चालून जाईल, पण कोकणातील गटांसाठी चारचाकी गती आणि सुरक्षा कमान हे निकष अश्वशक्तीच्या वर ठेवले जावेत, ही मागणी बागायतदारांनी लावून धरण्याजोगी आहे.

एवढे यंत्र एका छोट्या बागेत वर्षातील बहुतेक दिवस उभे राहते, म्हणून तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून ते घ्यावे हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि वाहतूक व बेणणी यांपुरता तो योग्यही आहे, कारण ही कामे चार दिवस पुढे-मागे सरकवता येतात. फवारणीचे तसे नाही. हापूसच्या मोहोराचे संरक्षण सुमारे पंधरवड्याच्या अंतराने होणाऱ्या फवारण्यांवर अवलंबून असते, तुडतुडे आणि भुरी एका वाडीतल्या साऱ्या बागांवर जवळपास एकाच वेळी येतात, आणि ढगाळ हवा पडली की प्रत्येकाला पंप त्याच दिवशी सकाळी हवा असतो. त्यामुळे भागीदारीत ट्रॅक्टर घेणाऱ्या गटाने फवारणीचे पंप स्वतंत्र इंजिनावर प्रत्येकाचे वेगळे ठेवावेत आणि ट्रॅक्टरची निवड केवळ ओढण्याच्या व कापण्याच्या कामांच्या मापाने करावी.