चाकाचा तुंबा

२०२३ सालच्या मार्गशीर्षांतील गोष्ट आहे. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा लोणावळ्याहून राजमाचीस जाणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटेनें, भल्या पहांटे, दोघां मित्रांसह सायकलीवर निघाला होता. सायकल नेहमींची नव्हे. डोंगरांत चालविण्याची, जाड टायरांची, पुढचा चिमटा धक्के सोसणारा, अशी. एका चढावर तो उभा राहून जोर देत असतां पायडल एकाएकीं पोकळ फिरलें. साखळी तुटली नव्हती, दांतेरी चक्रेंही जागच्या जागीं होतीं. फिरलें नाहीं तें मागचें चाक. गुडघा हँडलावर आदळला आणि मुलगा उजव्या अंगावर पडला. गुडघ्यास सात टांके पडले व मनगटाचें हाड चिरलें. मित्रांनीं त्याला आणि सायकलीला लोणावळ्यास परत आणिलें तों दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशीं आमचे मेहुणे एवढेंच म्हणाले, "आतां ही सायकल विकून टाकूं." बहीण कांहींच बोलली नाहीं, पण तिनें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचा अर्थ आम्हांस समजला. कारण सायकलीचीं तीं भारी चाकें मुलगा पदवी-परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हां आम्हींच भेट म्हणून घेऊन दिलीं होतीं. एवढेंच असतें तरी एक वेळ चाललें असतें. अपघातापूर्वीं पंधरा दिवस मागच्या चाकाचा तुंबा उघडून त्यांत वंगण भरलें होतें तेंही आमच्याच हातांनीं.

तुंबा हा शब्द आमच्या तरुण वाचकांस कदाचित् नवा वाटेल. बैलगाडीच्या चाकाचा मधला लांकडी गड्डा, ज्यांत आरे रोंवलेले असतात, तो तुंबा. सायकलवाले त्यासच हब म्हणतात आणि संस्कृतांत त्यास नाभि असें नांव आहे. नाभींत सर्व आरे रोंवलेले असतात ही उपमा उपनिषत्कारांस फार प्रिय. मुण्डक व प्रश्न या दोन्ही उपनिषदांत ती आढळते. चरकानें तर अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना वंगण दिलेल्या आंसाचाच दृष्टान्त घेतला आहे. हा दृष्टान्त आम्ही दर दिवाळीस घरांतील मुलांस ऐकवीत आलों आहों, आणि त्याच श्रद्धेनें भाच्याच्या हबांतही घट्ट पिवळें ग्रीस बोटांनीं ठांसून भरलें. आमची स्वतःची सायकल तीस वर्षें तसल्याच ग्रिसावर चालली होती!

येथें आमचें चुकलें कोठें तें सांगितल्याखेरीज हब कसा निवडावा हें नीट सांगतां येणार नाहीं. जुन्या सायकलीच्या हबांत दोन बाजूंस दोन वाट्या, त्यांत पोलादी छर्रे, पुढच्या चाकास एकेका बाजूला दहा व मागच्यास नऊ, आणि छर्ऱ्यांस दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा कोन. इतकाच संसार असे. फ्रीव्हील हें निराळें, बाहेरून आट्यांवर फिरवून बसविलेलें. नव्या रचनेंत तें यंत्र हबाचाच एक भाग झालें आहे. शिमानो या जपानी कारखान्यानें १९७८ सालीं तशी रचना बाजारांत आणली आणि डोंगरी सायकलींत आतां तीच रूढ आहे. दांतेरी चक्रें ज्या नळकांड्यावर बसतात त्याच्या पोटीं बारीक खिट्या असतात. पायडल पुढें दाबलें कीं स्प्रिंगांच्या जोरानें उचललेल्या त्या खिट्या हबाच्या आंतील दांत्यांत अडकून चाकास ओढतात. पाय थांबविला कीं त्याच दांत्यांवरून टकटक घसरतात. स्प्रिंगा मोठ्या नाजूक. आमच्या ग्रिसांत, थंडीच्या पहांटे, खिट्या पुरत्या उचलल्याच गेल्या नाहींत. अर्ध्यामुर्ध्या अडकलेल्या खिटीवर उभ्या माणसाचा सारा भार आला. तिचें टोंक तुटलें आणि तुटतां तुटतां तिनें दांत्यांचें कडेंही खाल्लें. छर्ऱ्यांस जें पथ्य तें खिट्यांस कुपथ्य, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. खिट्यांस पातळ तेल किंवा कारखान्यानें नेमून दिलेलें हलकें ग्रीस लागतें, आणि तेंही केवळ अंग ओलावण्यापुरतें.

अपराध आमचा, हें आम्हीं मेहुण्यांपाशीं त्याच दिवशीं कबूल केलें. परंतु खरी निराशा पुढेंच होती. तुटली होती नखाएवढी खिटी. दुकानदारानें कारखान्याकडे विचारणा केली, तों उत्तर आलें कीं तो नमुना बंद झाला आहे, त्याच्या खिट्या आतां मिळत नाहींत, आणि दांत्यांचें कडें हबांत कायमचें दाबून बसविलेलें असल्यामुळें तें काढतां येत नाहीं. सबब नवीन चाक घ्यावें. चाकाचें वय अवघें चार वर्षें. रिम सरळ, आरे ताठ, टायर नवा, आणि तें सर्व एका नखाएवढ्या तुकड्यावांचून निकामी!

हीं चाकें घेतांना आम्हीं पाहिलें तरी काय होतें? दुकानदारानें चाक आमच्या कानाशीं धरून फिरविलें होतें. मधमाश्यांचें पोळें उठावें तसा त्याचा नाद होता, आणि नाद जितका बारीक तितका हब उंची अशी आमची समजूत त्यानें करून दिली. त्यांत तथ्य अगदींच नाहीं असें नव्हे. अठरा दांते असतील तर पायडल दाबल्यावर चाक ओढलें जाण्यापूर्वीं वीस अंशांपर्यंत पोकळ फिरूं शकतें. छत्तीस असतील तर दहा अंश, चौपन्न असतील तर पावणेसात अंशांहून थोडें कमी. खडकाळ चढावर, जेथें पायडल अर्धे अर्धेच मारावें लागतें, तेथें ही पोकळी कमी असणें उपयोगाचें आहे. म्हणून कारखान्यांत चढाओढ लागली आहे. एका अमेरिकन हबांत खिट्या आळीपाळीनें लागतील अशी योजना करून एका फेऱ्यांत सहाशें नव्वद ठिकाणें साधलीं आहेत. कारागिरी म्हणून तिचें कौतुक करावें तितकें थोडें. पण दांता जितका लहान तितकी घाण, घट्ट ग्रीस व निष्काळजीपणा यांस क्षमा कमी. आमच्यासारख्याच्या हातीं तसला हब देणें बरें नव्हे.

डोंगरी सायकलीच्या जन्मकथेंतच हब उघडण्याचें काम आहे, हें आम्हांस भाच्यानेंच अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलें. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यांत फेअरफॅक्स म्हणून गांव आहे. तेथील तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली घेऊन जवळच्या डोंगरावरून कच्च्या वाटेनें खालीं येत. १९७६ सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं त्या उतारावर पहिली शर्यत लाविली. त्या सायकलींस ब्रेक असे तो मागच्या हबाच्या आंत, पायडल उलटें दाबून लावावयाचा. उतार संपेतों हब इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हां उतरावयाचें तर हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हां भरण्यास इंग्रजींत 'रीपॅक' म्हणतात; त्यावरून त्या वाटेचें नांवच रीपॅक पडलें. हब वारंवार जळे हा त्याचा दोष खरा. पण तो साध्या पान्यांनीं उघडतां येई म्हणूनच ती मंडळी पुन्हां डोंगरावर जाऊं शकली. आमचें चार वर्षांचें चाक मात्र खुंटीस टांगलेलें!

फाल्गुनांत मनगट बरें झालें. मेहुण्यांनीं सायकल विकण्याचा विषय पुन्हां काढला नाहीं, मात्र आम्हांस उद्देशून म्हणाले, "या वेळीं चौकशी करून घ्या म्हणजे झालें." आम्ही भाच्यास म्हणालों, "अरे, तूंच ठरव. आमच्यावर विसंबूं नकोस." तो म्हणाला, "नाहीं मामा, दोघे मिळून ठरवूं." मग आम्हीं हबांची चौकशी महिनाभर केली. दांते किती हा प्रश्न शेवटीं ठेविला. पहिला प्रश्न हा कीं हबाच्या सर्व भागांचा आराखडा कारखाना उघडपणें देतो काय, आणि त्यांतील प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो काय. दुसरा, तो घरीं उघडतां येतो काय.

शिमानोचे हब अजूनही जुन्या वाटी-छर्ऱ्यांच्या पद्धतीचे असतात. आम्हांस ते मनापासून आवडतात. दोन पाने आणि मूठभर छर्रे असले कीं काम होतें, आणि तो कारखाना १९२१ पासून चालत आलेला असल्यामुळें माहीतगारही गल्लोगल्लीं आहेत. त्यांचें न्यून एकच, पण मोठें आहे. कोन व छर्रे नवे घालतां येतात. वाटीस खड्डे पडले तर ती बदलतां येत नाहीं, हबच जातो. ज्याचा हात वर्षांतून दोनदां हबाकडे वळेल त्यानें हे अवश्य घ्यावे. भाच्याची नोकरी लक्षांत घेतां वळेल असें आम्हांस वाटलें नाहीं.

दुसऱ्या पद्धतींत बंद डबीचीं बेअरिंगें असतात. तीं झिजलीं कीं काढून फेंकावीं व नवीं दाबून बसवावीं. येथें पाहावयाचें तें बेअरिंगाचा अंक. ६९०२ असा अंक असेल तर आंतील व्यास १५ मिलिमीटर, बाहेरील २८ व जाडी ७. हा माल मोटारपंपाचीं बेअरिंगें विकणाऱ्या दुकानांतही मागतां येतो. स्वतःच्याच विलक्षण मापाचें बेअरिंग वापरणारा हब असेल तर त्यापासून दूर राहावें. बसवितांना दाब बाहेरच्या कड्यावरच यावा. आंतल्या कड्यावर हातोडी मारली तर छर्ऱ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवें बेअरिंग बसण्यापूर्वींच जुनें होतें. क्रिस किंग हा पोर्टलंडचा अमेरिकन कारखाना आपलीं बेअरिंगें स्वतः घडवितो व तीं उघडून धुतांही येतात, परंतु तेवढी किंमत आमच्या आवांक्याबाहेरची आणि सबंध हब खोलण्यास त्याचें खास हत्यार हवें. इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांतील बार्नोल्ड्सविक येथें होप नांवाचा कारखाना १९८९ पासून आहे. त्याच्या हबाचा खिटी-स्प्रिंगेसुद्धां प्रत्येक तुकडा सुटा मिळतो. याच्याशीं आमचें जवळजवळ ठरलेंच होतें.

शेवटीं भाच्याचें मन बसलें तें स्वित्झर्लंडांतील बील येथील डी. टी. स्विस कारखान्याच्या ३५० या हबावर. त्यांत खिट्याच नाहींत. समोरासमोर दांते केलेलीं दोन पोलादी कडीं असतात व स्प्रिंगा त्यांस एकमेकांवर दाबून धरतात. जोर दिला कीं सर्व दांते एकदम लागतात, भार एका टोंकावर येत नाहीं. दांतेरी चक्रांसकट नळकांडें हातानें ओढलें कीं बाहेर येतें, आणि कडीं तळहातावर पडतात. झिजलीं तर दोन कडीं नवीं घ्यावीं, हब तोच. नळकांडेंही बदलतां येतें, म्हणजे उद्यां दांतेरी चक्रांची तऱ्हा बदलली तरी चाक टाकावें लागत नाहीं. एका बाजूचें बेअरिंग बदलण्यास मात्र विशेष हत्यार लागतें. ही अडचण आहे, ती लपवीत नाहीं. आम्हीं छत्तीस दांत्यांचीं कडीं घेतलीं.

बाकीचें थोडक्यांत. आंसाचें माप सायकलीच्या सांगाड्यावरूनच ठरतें. भाच्याच्या सायकलीस पुढें ११० व मागें १४८ मिलिमीटर रुंदीचा हब लागला. हें माप घरून मोजून न्यावें, दुकानांत आठवूं नये. आऱ्यांचीं भोकें अठ्ठावीसही मिळतात, आम्हीं बत्तीस घेतलीं. आरे टोंकाशीं वांकविलेले असावेत. सरळ टोंकाचे दिसावयास सुबक, परंतु खेडेगांवीं एक तुटला तर दुसरा मिळत नाहीं. ब्रेकची तबकडी सहा स्क्रूंनीं बसणारी घेतली, कारण त्यास लागणारी किल्ली खिशांत मावते. आणि घरांतील लहान मुलांस ताकीद देऊन ठेवावी कीं चिखल धुतांना पाण्याची जोराची धार हबावर कधींही सोडूं नये. रबरी झांकणें पावसास अडवितात, धारेस नव्हे.

२०२४ च्या दसऱ्यास, पूजेपूर्वीं, पावसाळाभर वापरलेला तो हब आम्हीं गच्चींत वर्तमानपत्र पसरून उघडला. मेहुणे जुन्या धोतराचें फडकें घेऊन स्वतः येऊन बसले. कड्यांवर काळसर थर होता, तो पुसला. दांते स्वच्छ, कडा धारदार. भाच्यानें कारखान्याच्या पातळ ग्रिसाची लहानशी नळी आमच्या हातीं दिली. आम्हीं चष्मा पुसून, फार जपून, कड्यावर मोहरीएवढे तीन ठिपके ठेविले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलें.

"अजून थोडें लागेल, मामा," तो म्हणाला.