बॅग जागेवरच राहू द्या

उमराहचे तिकीट हाती आले की आपल्या घरांत तयारीला महिना पुरत नाही. एहरामचे कपडे, औषधांचा डबा, दुआंची पुस्तिका, खरेदीची यादी. घरातला शिकलेला मुलगा दादी-नानींना तवाफ कसा करायचा, सई कुठून सुरू होते हे समजावून सांगतो. विमानात बसल्यावर काय करायचे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते विमानातले कर्मचारी सांगतील, असे आपण धरून चालतो. ते सांगतातही, पण बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि चार-पाच मिनिटांत. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या सत्तरीच्या माणसाला त्यातले किती कळणार? हा धडा घरीच, आपल्या बोलीत व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

धडा किती मोलाचा आहे, हे दोन घटनांवरून कळते.

२ जानेवारी २०२४ रोजी जपानमधील हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळले आणि पेटले. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानात मात्र ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते, ते सगळे जिवंत बाहेर आले. आठपैकी फक्त तीन दरवाजे वापरण्यासारखे होते. ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ओरडून सूचना दिल्या. प्रवाशांनी त्या ऐकल्या आणि बहुतेकांनी सामान वरच ठेवले.

दुसरी घटना १९ ऑगस्ट १९८० ची. कराचीहून आलेले सौदी एअरलाइन्सचे विमान रियाधहून जेद्दाहसाठी उडाले आणि काही मिनिटांतच मागच्या भागात धूर निघू लागला. वैमानिकाने ते परत आणून सुखरूप उतरवले. पण उतरल्यावर ते लगेच थांबवले नाही, पुढे चालवतच नेले. थांबल्यावरही इंजिने चालू राहिली आणि वेळेत एकही दरवाजा उघडला गेला नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या त्या विमानात ३०१ जीव गेले. एकही वाचला नाही. आग कशाने लागली हे निश्चित कळले नाही. अवशेषांत मात्र गॅसचे दोन स्टोव्ह सापडले.

म्हणजे जबाबदारी दोघांची आहे. कर्मचाऱ्यांनी वेळेवर हुकूम द्यायचा आणि प्रवाशांनी तो तत्काळ पाळायचा. चहा-नाश्ता देणारी ही मंडळी मुळात आपल्या जिवाच्या रक्षणासाठी नेमलेली असतात. साधारण दर ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी, असा नियम आहे. सगळे दरवाजे उघडता आले नाहीत तरी ९० सेकंदांत विमान रिकामे करता येते, हे दाखवल्यावरच मोठ्या विमानाला परवानगी मिळते. त्या ९० सेकंदांच्या हिशेबात बॅग काढायला वेळ धरलेला नसतो. एकाने वरचा कप्पा उघडला की मागची सगळी रांग अडते. पासपोर्ट दुसरा मिळतो. मागे अडकलेली कुणाची तरी आई परत मिळत नाही.

नियमामागचे कारण कळले की माणूस तो मनापासून पाळतो, हा आमचा वर्गातला अनुभव आहे. उडताना व उतरताना खिडकीची झडप उघडी ठेवायला सांगतात, कारण कोणत्या बाजूला आग आहे हे आतून दिसले पाहिजे. ऑक्सिजनचा मास्क आधी स्वतःला, मग नातवाला लावायचा. पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब एकदम गेला, तर माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपू शकतो, आणि बेशुद्ध आजी नातवाला कशी वाचवणार? लाइफ जॅकेट घालायचे, पण विमानाच्या आत फुगवायचे नाही. १९९६ साली इथिओपियाचे एक विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडले, तेव्हा ज्यांनी ते आतच फुगवले त्यांतले अनेक जण पाणी शिरल्यावर छताशी अडकून बुडाले.

गॅसचा स्टोव्ह किंवा सिलिंडर सामानात मुळीच नको. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत घालू नये, ती हातातल्या पिशवीत जवळ ठेवावी. ती किंवा मोबाइल तापू लागला, तर संकोच न करता लगेच कर्मचाऱ्याला सांगावे. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नये. मोबाइल चेपला, तर बॅटरी पेट घेऊ शकते. नमाजची वेळ झाली तरी सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना उठू नये आणि वाट अडवू नये. अशा वेळी नमाज कशी अदा करायची, हे निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून ठेवावे.

हे सगळे शिकवायला अर्धा तास पुरे. घरात चार खुर्च्या ओळीने मांडा आणि वडीलधाऱ्यांना बसवा. विमानाचा पट्टा मोटारीसारखा बटण दाबून सुटत नाही, वरची पट्टी उचलावी लागते, हे हाताने करून दाखवा. घाबरलेला हात सवयीने बटणच शोधत राहतो. जागेवर बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंतच्या रांगा मोजायला सांगा, म्हणजे धुरात डोळ्यांना दिसले नाही तरी हात चाचपत जाता येईल. आणि शेवटी एक वाक्य त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्या: ‘उतरा म्हणाले की उतरायचे, बॅग जागेवरच राहू द्यायची.’

तवक्कुल तर आहेच, त्याच्या सोबतीला तदबीरही असू द्या. अल्लाह सर्वांचा सफर सुखरूप करो.